‘ऐंशीच्या वर सायन्स’: उत्तर रत्नागिरीतल्या मार्गदर्शक शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी

२२ जून २०२४

करिअर मार्गदर्शक म्हणून तयार करायच्या शिक्षकांची नावं शाळांकडून आली. दापोली, खेड, गुहागर, मंडणगड या चार तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांनी एकेक शिक्षक द्यायचा होता. मुख्याध्यापकांनी अपेक्षेप्रमाणे ज्यांचे तास कमी त्यांना पाठवलंय: चित्रकलेचे सर, पीटीचे सर, कार्यानुभवाच्या मॅडम, ग्रंथपाल. गणित-विज्ञानाचे मोजकेच. माझी तक्रार नाही. मागच्या बाकावरचा मुलगा मोकळा सोडला की काय करतो, हे या मंडळींनी पाहिलेलं असतं.

फायलीसाठी पार्श्वभूमी: २७ मे रोजी दहावीचा निकाल लागला. राज्याचा ९५.८१ टक्के, कोकण विभागाचा ९९.०१. विभाग पहिला येतो याचं इथे आता कुणाला नवल वाटत नाही. फाटकावर फ्लेक्स लागतो, पेढे वाटले जातात. पण शंभरातली नव्याण्णव पास झाली की पुढचं विचारायला त्यांनी जायचं कुणाकडे? आमच्या यादीतल्या एकाही शाळेत समुपदेशकाचं पद नाही. मुंबईचा मामा असतो, तो सांगतो.

शिक्षकालाच मार्गदर्शक करायचं ही कल्पना काही आमची नव्हे. माध्यमिक शिक्षणावरच्या मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्येच शाळांतून शैक्षणिक आणि व्यावसायिक मार्गदर्शन हवं असं म्हटलं, १९५४ मध्ये दिल्लीत त्यासाठी केंद्रीय ब्युरो निघाला, आणि ‘करिअर मास्टर’ तयार करण्याचे वर्ग त्या काळात झाले. आपण त्याच वाटेवर पुन्हा चालतोय, एवढंच.

६ जुलै २०२४

शनिवार, सकाळची शाळा. म्हणून सत्र दुपारी. गुहागरची मंडळी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून आली, भिजलेली.

ओळख झाल्यावर लगेच एक चिठ्ठी वाटली. “मुलगा, दहावी, ६२ टक्के, गणितात काठावर. गावातले बिघडलेले मोबाइल उघडून बसतो. वडील बोटीवर खलाशी, आई काजू सोलायला जाते. काय सांगाल?” निम्म्या गटाला हीच चिठ्ठी दिली, फक्त ६२ च्या जागी ८४ आणि ‘काठावर’ काढून टाकलेलं. मिनिटभरात सगळ्यांची उत्तरं तयार. पहिल्या गटाचं आयटीआय, दुसऱ्याचं सायन्स. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी लावल्यावर हशा पिकला, मग जरा शांतता. मुलाला काय वाटतं ते विचारावं लागेल, असं एकाही कागदावर नव्हतं.

मग त्यांनीच फळ्यावर शिडी काढली. ऐंशीच्या वर सायन्स, साठ ते ऐंशी कॉमर्स, त्याखाली आर्ट्स, आणि उरेल त्याला आयटीआय. मंडणगडचे एक सर म्हणाले, “ही आम्ही कुठे शिकलो नाही हो, पण सगळ्यांना पाठ आहे.”

फ्रँक पार्सन्सबद्दल दहा मिनिटं बोललो. १९०८ मध्ये बोस्टनला त्याने व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय उघडलं. त्याची मांडणी साधी होती: माणसाने आधी स्वतःला ओळखावं, मग कामं कशी असतात ते समजून घ्यावं, आणि विचार करून दोन्हींचा मेळ घालावा. आपल्या शिडीत यातली एकही पायरी नाही. तिथे टक्के आत टाकायचे, शाखा बाहेर. वर्षभराचं काम म्हणजे ही शिडी या मंडळींच्या तोंडून बाहेर येणं थांबवणं. सोपं नाही, कारण ती झटपट आहे आणि तिच्यामुळे सर हुशार वाटतात.

१५ जुलै २०२४

काल जगबुडी नदीला पूर, दिवाणखवटीजवळ रुळावर दरड, कोकण रेल्वे बंद. खेडची मंडळी येणं शक्य नाही. सत्र पुढे ढकललं.

३ ऑगस्ट २०२४

आयटीआय भेट. बरेचसे शिक्षक आयटीआयच्या आवारात पहिल्यांदाच शिरले. वर्षानुवर्षं मुलांना तिकडे धाडणारे शिक्षक! फळ्यावर व्यवसायांची नावं: जोडारी (फिटर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), संधाता, यांत्रिक मोटारगाडी. ग्रंथपाल मॅडमनी हळूच विचारलं, संधाता म्हणजे काय. वेल्डर.

शिल्प निदेशकांनी सगळं उलगडून सांगितलं. संधाता एका वर्षाचा, आठवी पासवर मिळतो. वीजतंत्री आणि जोडारी दोन वर्षांचे, दहावी पास लागते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो, आणि तिथून पुढे इंजिनिअरिंगच्या पदवीलाही. हे ऐकून गणिताच्या एका सरांनी वही काढली. “म्हणजे आयटीआयला गेला म्हणजे संपला, असं नाही.” निदेशक त्यांच्याकडे बघत राहिले. संपला असं त्यांना कुणी सांगितलं असेल?

खेडच्या पीटी सरांचा प्रश्न नेमका होता: लोट्याला एवढ्या केमिकल कंपन्या, आमची मुलं तिथे ठेकेदाराकडे रोजावर का? केमिकल प्लांटच्या अटेंडंट ऑपरेटरचा वेगळा व्यवसाय आयटीआयच्या यादीत आहे आणि शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे, हे त्यांच्या शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. मुलगा दहावी करून थेट गेटवर उभा राहतो, आणि गेटवर ठेकेदारच असतो.

मुलींना ३० टक्के जागा राखीव. वीजतंत्रीच्या कार्यशाळेत मात्र मुलगी शोधावी लागली. निदेशक म्हणाले, “मी शिकवायला तयार आहे, मॅडम. तुमच्याकडूनच येत नाहीत.”

२४ ऑगस्ट २०२४

नारळी पौर्णिमा सोमवारी झाली, होड्या दर्यात. आज सत्र हर्णै बंदरावर. प्रत्येकाने एका माणसाची कामाची मुलाखत घ्यायची. पगार विचारायचा नाही. दिवस कसा जातो, हे काम कुणी शिकवलं, चूक कुठे होते, कुठली गोष्ट डोक्यात ठेवावी लागते, ते विचारायचं.

चित्रकलेच्या सरांनी एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, गाठला. तासाभराने परतले ते चक्रावूनच. जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस, डिझेलचा हिशोब, बर्फाचा हिशोब, खलाशांची वाटणी, वाऱ्याचा अंदाज. “माझ्या वर्गात त्याचा मुलगा आहे. ‘वडील काय करतात’ या रकान्यात ‘मासेमारी’ लिहून मोकळे झालो होतो.”

मग सिफनेटचा विषय निघाला. मासेमारी बोटींवरच्या कामाचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची ही संस्था कोचीला, शिवाय चेन्नई आणि विशाखापट्टणमला केंद्रं. दहावीनंतर दोन वर्षांचे दोन अभ्यासक्रम, व्हेसल नेव्हिगेटर आणि मरीन फिटर. बारावी सायन्सनंतर शिरगावचं मत्स्य महाविद्यालय तर जिल्ह्यातच आहे, १९८१ पासून. बंदरावरच्या मुलाला हे दोन्ही रस्ते त्याच्या शाळेने सांगितलेले नसतात. समुद्र सोडण्याचे रस्ते तेवढे सांगितले जातात.

आणि ‘शिप’. इथल्या प्रत्येक गावात कुणीतरी शिपवर आहे, त्यामुळे दहावीची मुलं एजंटच्या हाती सापडतात. यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता. ठरलेली माहिती अशी: जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या कामाचा, कोर्स सहा महिन्यांचा, दहावीत एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत ४० टक्के लागतात, वय साडेसतरा पूर्ण. डोळ्यांची तपासणी कडक, रंगांधळेपणा चालत नाही, म्हणून पैसे भरण्याआधी डीजी शिपिंगने (जहाज वाहतुकीचं केंद्र सरकारी खातं) मान्य केलेल्या डॉक्टरकडून तपासणी. संस्था डीजी शिपिंगच्या यादीत आहे का ते बघायचं. नोकरी देतो म्हणणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरती करण्याचा परवाना आहे का, तो नंबर डीजी शिपिंगच्याच संकेतस्थळावर टाकून बघायचा. “सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) काढून देतो, कोर्सची गरज नाही” असं म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवायचं.

बंदराजवळच्या शाळेतल्या मॅडम सांगत होत्या, त्यांच्या माजी विद्यार्थ्याच्या आईने मंगळसूत्र मोडून एजंटला पैसे दिले होते. मुलगा आज कुठल्याशा हॉटेलात आहे. मी विचारलं, दहावीत असताना तो तुमच्याशी बोलला होता का? “बोलला होता. मी म्हटलं, जा, चांगलं आहे, डॉलरमध्ये पगार मिळतो.”

२८ सप्टेंबर २०२४

गणपती आटोपले. आज ऐकण्याचा सराव. तिघांचा गट: एक विद्यार्थी, एक मार्गदर्शक, एक निरीक्षक. दहा मिनिटं. नियम एकच, मार्गदर्शकाने सल्ला द्यायचा नाही. “असं कर”, “माझं ऐक”, “मी तुझ्या जागी असतो तर” यांपैकी काही आलं की निरीक्षकाने बाकावर टिचकी मारायची.

पहिल्या फेरीत हॉलभर टिचक्याच टिचक्या. भजनाला टाळ धरावेत तशा.

शिक्षकाच्या तोंडी प्रश्नसुद्धा सल्ला होऊन येतो. “तुला नाही का वाटत की आधी बारावी करावी?” यावर मोठा वाद झाला. एका सरांचं म्हणणं, हा प्रश्नच आहे, शेवटी प्रश्नचिन्ह आहे. निरीक्षक मॅडम ऐकेनात. टिचकी मारली ती मारलीच. बरोबर मारली.

दुसरा अडथळा शांतता. मुलगा गप्प बसला की सरांना वाटतं त्याला समजलं नाही, आणि ते पुन्हा समजवायला लागतात. पीटी सर मात्र थांबले. समोर मुलीच्या भूमिकेत असलेल्या मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “मला नर्सिंगला जायचं नाहीये. पण आई आजारी असते, म्हणून सगळे तेच म्हणतात.” हे लिहून दिलेल्या भूमिकेत नव्हतं. त्यांना आतूनच सुचलं असेल, किंवा कुणा मुलीचं आठवलं असेल. विचारलं नाही.

नोंद: माहितीचं सत्र आणि ऐकण्याचं सत्र एकाच दिवशी ठेवू नये. सिफनेट नुकतंच कळलेला माणूस सिफनेट सांगितल्याशिवाय राहत नाही.

१९ ऑक्टोबर २०२४

मंगळवारी निवडणूक जाहीर झाली, मतदान २० नोव्हेंबरला. निम्म्या गटाला ड्युटीचं प्रशिक्षण, मध्ये दिवाळी. नोव्हेंबरअखेरपर्यंत सत्र नाही. सगळ्यांना घरचा अभ्यास: आपल्या शाळेतल्या आठवीच्या वर्गात कार्डांचा खेळ घेणे.

३० नोव्हेंबर २०२४

कार्डांचे निकाल घेऊन सगळे आले. खेळ असा: कामांची नावं लिहिलेली कार्डं, वीजतंत्री, तांडेल, परिचारिका, तलाठी, आंब्याची कलमं बांधणारा, वकील, शिंपी, जेसीबी चालक, शिक्षिका वगैरे. मुलांनी ‘हे माझ्यासाठी नाही’ अशी कार्डं बाजूला काढायची आणि कारण एका ओळीत लिहायचं.

सत्रभर फक्त कारणंच वाचली. वीजतंत्री, मुलींकडून: “मुलींचं नाही.” परिचारिका, मुलांकडून: तेच, उलट्या बाजूने. कलमं: “ते बाबा करतात, मला मोठं व्हायचंय.” वकील: “आमच्यात कोणी नाही.” तांडेल एका मुलीने ठेवला होता, मग खोडला होता. आवडत नाही असं कारण क्वचितच होतं.

लिंडा गॉटफ्रेडसनने १९८१ मध्ये मांडलेली गोष्ट आज सांगितली, कार्डं समोर असल्यामुळे समजवावी लागली नाही. मूल सहा ते आठ वर्षांचं असताना मुलांची कामं आणि मुलींची कामं वेगळी करतं; नऊ ते तेरामध्ये कुठलं काम हलकं, कुठलं आपल्या आवाक्याबाहेरचं, हे ठरवून आणखी नावं गाळतं; स्वतःला काय आवडतं, काय जमतं याचा विचार चौदानंतर, आणि तोही उरलेल्या यादीतून. आपण दहावीच्या वर्गात जाऊन “तुला काय आवडतं?” विचारतो तेव्हा यादी आधीच अर्धी झालेली असते.

यावरून प्रकल्पाचा रोख बदलतो. मूळ आराखडा नववी-दहावीचा आहे. जानेवारीपासून प्रत्येक मार्गदर्शकाने आठवीत तास घ्यावा असं मी देणगीदारांना लिहिणार आहे. दहावीचं काम थांबणार नाही, त्या मुलांना आत्ता अर्ज भरायचेत. पण वेळ कमी पडला तर आठवीला झुकतं माप.

२१ डिसेंबर २०२४

चाचण्या घ्याव्यात का, यावर दिवस गेला. मुख्याध्यापकांना चाचणी हवीय, कारण तिचा छापील अहवाल मिळतो आणि पालकसभेत वाटता येतो.

सगळ्यांना राज्याची कलचाचणी आठवत होती. २०१६ पासून दहावीच्या मुलांना मंडळाने दिली, सात क्षेत्रं: कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, मानव्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा. कल्पना चांगली होती, लाखो मुलांनी पहिल्यांदाच आपल्या आवडीचा कागद पाहिला. पण समोर बसून तो कागद वाचणारं माणूस शाळेत असायला हवं होतं. एक सर म्हणाले, त्यांच्या वर्गात गणवेशधारी सेवांचा कल खूप जणांचा आला होता. पुढे काय करायचं विचारायला मुलं आली, तेव्हा “पळायला लाग” एवढंच त्यांना सुचलं.

बाजारातल्या क्षमता चाचण्यांबद्दल माझं मत लिहून ठेवतो. त्या वाईट नाहीत, पण चाचणीतले गुण ज्या मुलांशी ताडून बघायचे ती मुलं कुठली, हे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. वाडीवरच्या मुलीला शहरी मुलांच्या मोजपट्टीवर बसवून “अवकाशीय क्षमता कमी” असा शिक्का मारण्यापेक्षा चाचणी न घेतलेली बरी. शिवाय त्या प्रशिक्षित माणसानेच द्यायच्या असतात. आमच्या मार्गदर्शकांचं प्रशिक्षण तेवढं नाही. ज्यांना खोलात जायचंय त्यांना एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम सुचवला. दोघींनी माहिती मागून घेतली.

तूर्त जॉन हॉलंडचे सहा प्रकार गप्पांपुरते वापरायचे ठरलं: हाताने करणारा, खोदून बघणारा, रचणारा, माणसांत रमणारा, पुढारपण करणारा, नीटनेटकं ठेवणारा. गुण द्यायचे नाहीत. मुलाला विचारायचं, गणपतीत तू काय काय करतोस? मखर करणारा, वर्गणीचा हिशोब ठेवणारा, आरतीला माणसं गोळा करणारा, लाइटिंगच्या वायरी जोडणारा. सगळे एकाच वाडीत सापडतात.

१८ जानेवारी २०२५

पालकसभा, खेड तालुक्यातली शाळा. एक दहावीची मुलगी वीजतंत्रीला जायचं म्हणते. चांगले मार्क पडतात, म्हणून शाळेला ती सायन्सला हवीय. वडिलांना दोन्ही नको, ‘डीएड कर’. मार्गदर्शक कार्यानुभवाच्या मॅडम.

मी मागे बसून होतो. वडील म्हणाले, “खांबावर चढणार का मुलगी?” मॅडमनी वाद घातला नाही. “दादा, तुम्हाला भीती कशाची वाटते, चढण्याची की लोकांची?” वडील हसले. मग खरं बाहेर आलं: आयटीआय तालुक्याला, शेवटची एसटी चुकली तर? मॅडमनी एसटीचं वेळापत्रक आणि सवलतीच्या पासचं विचारून ठेवलं होतं. पॅनेल बसवणं, मोटर रिवाइंडिंग, सोलर, कंपनीतलं मेन्टेनन्स ही कामंही वीजतंत्रीचीच, हे निदेशकांना फोन लावून त्यांच्या तोंडून ऐकवलं. पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचंही बोलणं झालं, आणि जुलैमधल्या शासन निर्णयाचं: व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ.

निर्णय झाला नाही. “बघू,” म्हणून वडील उठले. मॅडमना वाईट वाटलं. मला नाही. जूनपासूनचा प्रवास बघता ही आजवरची उत्तम बैठक होती.

१५ फेब्रुवारी २०२५

२१ तारखेला परीक्षा सुरू. आजचं सत्र मर्यादांवर. मार्गदर्शक शिक्षक मनोविकारतज्ज्ञ नाही. मूल झोपत नाही, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतं, तर करिअर बाजूला ठेवून लगेच पालक, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. मुलांची हेल्पलाइन १०९८. हे दोन नंबर वर्गात लावायचे, ऑफिसात नव्हे. मुलाने सांगितलेलं स्टाफरूममध्ये सांगायचं नाही, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद. या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. स्टाफरूम छोट्या असतात, बघू.

१८ मार्च २०२५

शिमग्याला चाकरमानी आले होते. त्याचा फायदा घेतला. एका शाळेने माजी विद्यार्थ्यांना बोलावलं, पण सत्काराला नाही. अट घातली की पहिल्या पाच वर्षांत काय काय केलं आणि काय सोडलं तेच सांगायचं. डोंबिवलीतला एसी मेकॅनिक, बारावीला नापास होऊन पुन्हा बसलेली परिचारिका, कुरिअर करणारा पदवीधर. पदवीधराचं बोलणं मुलांनी सगळ्यांत लक्ष देऊन ऐकलं. मुख्याध्यापक जरा अस्वस्थ.

पुढच्या वर्षी सगळ्या शाळांत शिमग्यालाच. गणपतीत माणसं जास्त येतात पण वेळ कुणालाच नसतो.

१४ मे २०२५

काल निकाल. राज्य ९४.१०, कोकण ९८.८२. फ्लेक्स लागले.

सकाळपासून मार्गदर्शकांचे फोन. बहुतेकांचा प्रश्न एकच, यंदा अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन, अर्ज कसा भरायचा. दहा पसंतिक्रम देता येतात. काही गावांपासून एसटीने रोज जाता येईल अशी कॉलेजं तीन. मुलांनी उरलेले भरायचे म्हणून रत्नागिरी, चिपळूण लिहू नयेत, जिथे खरंच जाता येईल तेवढीच भरावीत, असं सगळ्यांना कळवलं.

७ जून २०२५

आयटीआयचे अर्ज चालू. खेडच्या मुलीने अर्ज भरला, पहिला पर्याय वीजतंत्री, दुसरा तारतंत्री. वडील स्वतः सोबत होते आणि अकरावी सायन्सचाही अर्ज भरून ठेवलाय. ठीक आहे, दोन्ही दारं उघडी.

बंदराजवळच्या शाळेतल्या मॅडमकडे जीपी रेटिंगवाली तीन मुलं आली. त्यांनी आरपीएसएलचा नंबर तपासायला शाळेच्या कॉम्प्युटरवर बसवलं. एका एजंटचा नंबर यादीत नव्हता. मुलाने तिथूनच काकाला फोन लावला. काका ऐकेल असं काही नाही.

मार्गदर्शकांपैकी दोघांची बदली झाली, एक निवृत्त. त्यांच्या जागी नावं मागवलीत. यंदा मुख्याध्यापकांना स्पष्ट लिहिलंय की तास कमी असलेलेच पाठवा, चालेल. पण आठवीचा आठवड्याला एक तास वेळापत्रकात छापून द्या. नोंदवहीत टक्क्यांचा रकाना काढून टाकलाय. त्याजागी दोन रकाने: ‘मुलाने स्वतः काय म्हटलं’ आणि ‘कुठलं कार्ड बाजूला काढलं, का’. गणिताच्या सरांनी विचारलं, टक्के समासात लिहिले तर चालतील का. चालतील म्हटलं.

कार्डांच्या संचात भर: सोलर बसवणारा, ड्रोन फवारणी करणारी, होमस्टे चालवणारी, रक्त तपासणारी लॅब तंत्रज्ञ. छपाई दापोलीत, पाऊस वाढण्याआधी लॅमिनेशन करून घेणे.